वकीलसाहेबांच्या कपाटातला जिल्हा

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावाने गेल्या शंभर वर्षांत एक ठरावीक माणूस पाहिलेला आहे. आधी तो वकीलसाहेब असतो. दिवाणी कोर्टात वाटणीचे, गहाणखताचे, बांधाचे दावे चालवतो. मग नगरपालिकेत नाहीतर लोकल बोर्डात निवडून जातो, तिथून विधिमंडळात. याच वाटेवर कुठेतरी तो गावातल्या अर्बन बँकेचा किंवा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा संचालक होतो आणि पुढे चेअरमन. ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे आली त्याला कारण होतं. जमीन, कर्ज आणि कायदा आपल्या खेड्यांत एकमेकांत इतके गुंतलेले होते, की एकातला जाणकार बाकीच्या दोहोंत ओढला जाणारच.

मोठ्या शहरांत असा माणूस आधी दिसला. फिरोजशहा मेहता बॅरिस्टर, १८८७ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात, आणि १९११ मध्ये सोराबजी पोचखानवालांनी सेंट्रल बँक ऑफ इंडिया काढली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. पंजाबात लाला हरकिशनलाल हेही बॅरिस्टर, बँका काढणारे आणि १९२१ नंतर प्रांताचे मंत्री. असल्या बड्या माणसांवर लिहिणारे मिळतात. मला बोलायचं आहे ते तालुक्याच्या वकीलसाहेबांबद्दल. त्यांच्यावर फार तर एखादी गौरविका निघालेली असते, चौकाला नाव दिलेलं असतं आणि बँकेच्या सभागृहात तसबीर लावलेली असते. त्यांचे कागद मात्र रद्दीत जातात.

हे कागद कुटुंबाचे आहेत हे मला मान्य आहे. पण त्यांत अख्ख्या जिल्ह्याचा हिस्सा आहे, आणि म्हणून ते न निवडता, न चाळता, जसे आहेत तसे, त्याच जिल्ह्यात, ठरावीक मुदतीच्या कुलपात जतन झाले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. यातला ‘न निवडता’ हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि विरोधही त्यालाच सर्वांत जास्त होतो.

वकीलसाहेब गेल्यावर घरात काय घडतं ते बहुतेकांनी पाहिलेलं असेल. चालू दाव्यांची ब्रीफं ज्युनियर घेऊन जातो. लॉ रिपोर्टांचे बांधीव खंड बार असोसिएशनच्या लायब्ररीला जातात. मानपत्रं, मंत्र्यांबरोबरचे फोटो, अधिवेशनाचे बिल्ले, शाली, हे सगळं घरात राहतं. उरतात ते कागदांचे गठ्ठे. कारकून म्हातारा झालेला असतो, त्यामुळे कुठल्या गठ्ठ्यात काय आहे हे सांगणारं कुणी नसतं. मुलं पुण्यात, मुंबईत, परदेशात. वाडा विकायचा किंवा बिल्डरला द्यायचा ठरतो, आणि एका रविवारी सगळं किलोच्या भावाने जातं.

अशा एका घरातलं गोदरेजचं कपाट मला निवांतपणे पाहायला मिळालं. घरच्यांनी विश्वासाने दाखवलं, म्हणून गाव आणि घराणं सांगत नाही. वरच्या दोन खणांत लाल फितीने बांधलेली ब्रीफं होती: दावा क्रमांक, वादी-प्रतिवादींची नावं, आत वकीलपत्र, सात-बाराचे उतारे, खरेदीखतांच्या नकला. मधल्या खणात आमदारकीची वर्षं होती. तारांकित प्रश्नांचे हाताने लिहिलेले मसुदे होते, आणि मतदारांची पोस्टकार्डं तर ढिगाने. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत शेरा होता: ‘मामलेदारांशी बोललो’, ‘पुढच्या अधिवेशनात’, ‘होणार नाही, कळवणे’. सगळ्यांत खाली बँक. संचालक मंडळाच्या सभांच्या विषयपत्रिका, त्यांना जोडलेल्या कर्जमागणीच्या याद्या, आणि नावांपुढे शिसपेन्सिलीने लिहिलेलं दोन-दोन शब्दांचं मत. ‘जामीनदार बदला.’ ‘विहिरीला पाणी आहे.’ ‘भावाचं थकीत.’ ‘देणे, मुलगी लग्नाची.’

चाळता चाळता लक्षात आलं, की एकाच शेतकऱ्याचं नाव तिन्ही खणांत आहे. वर तो एका वाटणीच्या दाव्यात वकीलसाहेबांचा पक्षकार होता. मध्ये त्याचं पोस्टकार्ड होतं, विहिरीवरच्या मोटारीला वीजजोड मिळत नाही म्हणून. खाली कर्जाच्या यादीत त्याचं नाव होतं, आणि पुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘वाटणी झाली, जमीन नावावर, हरकत नाही.’ म्हणजे कोर्टात जे मिळालं त्याच्या जोरावर बँकेचं कर्ज मिळालं, आणि त्या कर्जातून घेतलेल्या मोटारीला वीज मिळावी म्हणून आमदारांना कार्ड गेलं. एका कुटुंबाचं कोरडवाहूतून बागायतीत जाणं त्या तीन कागदांवर उभं होतं. यात उपकार किती, हक्क किती, मतांचं गणित किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवण्यासाठी लागणारा पुरावा जगात फक्त त्या कपाटात होता.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण ‘सरकारी रेकॉर्ड असतंच की’ हे उत्तर फार सहज दिलं जातं. कोर्टाच्या दप्तरातल्या फायली वर्गवारीप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. सहकारी बँकांच्या अभिलेखांबाबत १९८५ चे नियम आहेत. त्यांत काही नोंदवह्या पाच वर्षं आणि काही आठ वर्षं ठेवाव्या लागतात, त्यानंतर त्या ठेवण्याचं बंधन नाही. विधिमंडळाचं कामकाज छापील मिळतं, पण त्यात सभागृहात बोललेलं असतं, बोलण्यामागचं नसतं. आणि हे तिन्ही दस्तऐवज जपले गेले असते, तरी ते तीन वेगवेगळ्या इमारतींत, तीन वेगवेगळ्या अनुक्रमांकांखाली पडून राहिले असते. त्यांना जोडणारा दुवा खासगी कागदांतच असतो. त्यातले ‘महत्त्वाचे’ निवडून बाकीचे टाकले, की तो दुवाच तुटतो. घरचे लोक नेहमी मंत्र्यांची पत्रं ठेवतात आणि पोस्टकार्डं टाकतात. मंत्र्यांच्या पत्राची प्रत मंत्रालयात कुठेतरी सापडू शकेल, पोस्टकार्डाची कुठेच सापडणार नाही.

जुन्या कागदांची कदर महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. वि. का. राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये छापला आणि पुढे उभा जन्म गावोगावची दप्तरं शोधण्यात घातला. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी शाळेतली नोकरी सांभाळून पटवर्धन सरदारांचं दप्तर वाचून काढलं. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पुण्यातल्या दीक्षित-पटवर्धन या सावकार घराण्याच्या कागदांवरून तर पेशवाईतल्या सावकारीचे व्यवहार अभ्यासकांना मांडता आले. दोनशे वर्षांपूर्वीच्या सावकाराची वही आपण डोक्यावर घेतो, आणि साठ वर्षांपूर्वीच्या बँक चेअरमनची विषयपत्रिका वाण्याकडे पुड्या बांधायला जाते. मोडीतलं ते इतिहास आणि बाळबोधीतलं ते रद्दी, असा काहीतरी विचित्र समज आपण करून घेतला आहे. राजवाड्यांना जे कागद मिळाले तेही त्या त्या घराला एके काळी अडगळच वाटत होते, हे आपण विसरतो.

आणि महाराष्ट्राचं विसावं शतक समजून घ्यायचं, तर कर्जाच्या कागदांपासूनच सुरुवात करावी लागते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांना हवे होते ते रोखे आणि खातेवह्या. ते ताब्यात घेऊन त्यांनी जाळले. पुणे-नगर जिल्ह्यांतल्या त्या उठावानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. तालुक्याच्या वकिलाचा धंदा वाढला तो याच कायद्याच्या आसऱ्याने, दोन्ही बाजूंनी. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रांतिक सहकारी बँक निघाली. १९३९ मध्ये मुंबई विधिमंडळाने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. एवढं होऊनही १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत देशभरातल्या शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत महाराष्ट्रात हे चित्र पालटलं. ते कसं पालटलं, कुणासाठी पालटलं आणि कुणाला बाजूला ठेवून पालटलं, याचं उत्तर अहवालांत अर्धंच मिळतं. उरलेलं त्या पेन्सिलीच्या शेऱ्यांत आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही माणसं सत्तेतली होती, बहुतेक वरच्या किंवा प्रबळ जातींतली होती, त्यांचे पुतळे झालेच आहेत, आता त्यांचे कागदही सरकारी खर्चाने का सांभाळायचे? ज्यांना कर्ज नाकारलं गेलं त्यांचा इतिहास कोण सांभाळणार?

याला उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेत मिळतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने चॅपल हिलला १९३० मध्ये दक्षिणेतल्या घराण्यांच्या खासगी कागदांचा संग्रह सुरू केला. हॅमिल्टन नावाचे इतिहासाचे प्राध्यापक मोटारीतून घरोघर हिंडले आणि मळेवाल्यांची, वकिलांची, राज्य विधिमंडळातल्या सदस्यांची, बँकवाल्यांची दप्तरं गोळा करत राहिले. ती मंडळी गुलाम बाळगणारी किंवा त्यांची मुलं-नातवंडं होती, आणि जुन्या दक्षिणेचा मोठेपणा टिकावा ही भावना त्या खटाटोपामागे होती. पण कागद कुणाचीच बाजू घेत नाहीत. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी त्याच मळेवाल्यांच्या वह्यांतून गुलामांची नावं, त्यांची कुटुंबं, त्यांच्या विक्रीच्या रकमा बाहेर काढल्या. ज्यांना लिहू दिलं गेलं नाही त्यांचा इतिहास त्यांना ताब्यात ठेवणाऱ्यांच्या दप्तरातून लिहिला गेला. दुसरा मार्गच नव्हता.

आपल्याकडेही तेच आहे. कर्ज नाकारलेल्याचं नाव त्याच्या स्वतःच्या घरात कुठे लिहिलेलं नसतं, ते चेअरमनच्या यादीत असतं, आणि पुढे ‘तारण नाही’ असा शेरा असतो. इनाम-वतनाच्या जमिनी कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या किमतीला गेल्या, विधवेच्या हिश्शाचं काय झालं, हे वकिलाच्या ब्रीफांत असतं. म्हणून कपाट जपायचं ते साहेबांच्या गौरवासाठी नाही. एखाद्या घराण्याला गौरव हवा असेल, तर त्यांनी खुशाल गौरविका काढावी. कपाट जपायचं ते त्यात अडकून पडलेल्या बाकीच्या हजार माणसांसाठी.

कागदांच्या बाबतीत आपण किती हलगर्जी असू शकतो, याचं सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. तेही बॅरिस्टर, तेही १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलात. त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९६७ च्या जानेवारीत, दिल्लीतल्या अलीपूर रोडच्या घरातले त्यांचे कागद अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजले. जे वाचलं त्यातून महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंड काढले आणि वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. पण भिजून गेलेल्या कागदांवर काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बाबासाहेबांच्या कागदांची ही गत, तर तालुक्याच्या आमदाराच्या कागदांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता खासगीपणाचा प्रश्न. वकिलाने पक्षकाराचं गुपित फोडायचं नाही हे बंधन पक्षकाराचं काम संपल्यावरही सुटत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये ते स्पष्ट होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहे. कर्जाच्या यादीत लोकांची गरिबी, आजारपण, घरातली भांडणं लिहिलेली असतात. हे उद्या कुणीही उघडून वाचावं असं मी म्हणत नाही. पण त्यावर उपाय जाळणं हा नाही, मुदत लावणं हा आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात गोपनीय नसलेले ३० वर्षांपुढचे सरकारी कागद खुले करण्याची सोय आहे. त्याच धर्तीवर आमदारकीचा पत्रव्यवहार ३० वर्षांनी, बँकेच्या याद्या ५० वर्षांनी आणि ब्रीफं ७५ वर्षांनी खुली करावीत, असं मला वाटतं. आकडे कमीजास्त करता येतील. मुदत संपेपर्यंत गठ्ठा सीलबंद राहील, आणि वर फक्त एवढंच लिहिलं जाईल की आत कोणत्या वर्षांचं, कोणत्या प्रकारचं दप्तर आहे.

घरच्यांना खरी भीती वेगळीच असते, आणि ती मोकळेपणाने बोलायला हवी. सहकार कायद्याच्या कलम ८८ ची, म्हणजे संस्थेचं नुकसान संचालकांकडून वसूल करण्यासाठीची, चौकशी म्हटलं की माजी संचालकांच्या घरात झोप उडते. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये बरखास्त केलं, २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, आणि तेव्हापासून ‘बँकेचा कागद घरात नको’ ही भावना घट्ट झाली. मला ती समजते. पण जो कागद आज नुकसानीचा वाटतो, तोच उद्या बचावाचाही असू शकतो. वर सांगितलेल्या यादीतल्या ‘भावाचं थकीत’ या दोन शब्दांवरून चेअरमनने कर्ज अडवलं होतं हे दिसतं. तो कागद नसता, तर सगळ्यांच्या कर्जांना डोळे मिटून सही करणाऱ्या संचालकांत त्यांचीही गणना झाली असती. आणि जिथे खरोखर गैरव्यवहार झाला, तिथे तो पन्नास वर्षांनी कळला तरी जिल्ह्याला कळण्याचा हक्क आहे. ठेवी लोकांच्या होत्या.

दिल्लीत नेहरूंच्या कागदांच्या ५१ खोक्यांवरून वाद चालू आहे. २००८ मध्ये ती खोकी तीनमूर्ती भवनातल्या नेहरू संग्रहालयातून कुटुंबाकडे परत गेली, ती पुन्हा यावीत अशी मागणी आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण निदान तिथे खोकी आहेत, त्यांची मोजदाद आहे आणि भांडायला माणसं आहेत. आपल्या जिल्ह्यांत नष्ट झालेल्या दप्तरांची यादीसुद्धा नाही.

कागद जिल्ह्यातच राहावेत असा आग्रह का, तेही सांगतो. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांच्या रोजनिशा आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांचे कागद तीनमूर्तीला. ते तिथे सुखरूप आहेत याचं समाधान आहे. पण अमरावतीत एम.ए. करणाऱ्या मुलीला खापर्ड्यांचं अक्षर पाहण्यासाठी दिल्लीला जावं लागतं. कराडला यशवंतराव चव्हाणांची ग्रंथसंपदा आणि पत्रव्यवहार त्यांच्या पत्नी वेणूताईंच्या स्मारकात ठेवलेला आहे. तेही वकीलच, १९४६ मध्ये विधिमंडळात गेलेले. सातारा जिल्ह्यातला विद्यार्थी एसटीने जाऊन परत येऊ शकतो. हाच फरक आहे. शिवाय पोस्टकार्डावरचं गाव, पेन्सिलीच्या शेऱ्यातली विहीर, ‘भाऊ’ म्हणजे नेमका कोण, हे ओळखणारी माणसं जिल्ह्यातच असतात, आणि तीही फार दिवस असणार नाहीत.

जागा नाही असंही नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे. अमरावतीला १९८३ पासून, जळगावला १९९० पासून, नांदेडला १९९४ पासून, सोलापूरला २००४ पासून आणि गडचिरोलीला २०११ पासून विद्यापीठ आहे. या प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोरडी, पंखा लावलेली, वाळवीचं औषध मारलेली एक खोली आणि दप्तर लावता येणारी दोन माणसं, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा २००५ चा आहे, पण तो मुळात सरकारी दप्तरांसाठी आहे. खासगी दप्तर कुणी मागायला जात नाही. ते मागायला जाणं हे ग्रंथपालाच्या कामाचाच भाग मानलं पाहिजे. ज्या घरी तेरावं नुकतंच झालं आहे, तिथे महिनाभरात विद्यापीठाचं पत्र पोचलं पाहिजे, रद्दीवाल्याच्या आधी.

स्कॅन करून मूळ कागद टाकून द्यावेत, असं सुचवणारे भेटतात. स्कॅन जरूर करावं, पण मूळ कागद टाकू नयेत. गठ्ठ्यातला क्रम, कोणतं कार्ड कोणत्या यादीत खोचलेलं होतं, खोडलेल्या शब्दाखालचा शब्द, पेन्सिलीचा दाब, यातलं बरंच काही फोटोत येत नाही. आणि ज्या हार्ड डिस्कवर ते स्कॅन ठेवलं जातं तिची दहा वर्षांनी काय अवस्था होते, ते कुठल्याही कार्यालयात जाऊन पाहावं.

घाई करायला आणखी एक कारण आहे. हा माणूसच आता संपत चालला आहे. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आमदार, खासदार आणि नगरसेवकांना नागरी सहकारी बँकेचं व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकपद बंद केलं, आणि ते योग्यच झालं. आजच्या आमदाराची पोस्टकार्डं व्हॉट्सॲपवर येतात आणि फोन बदलला की जातात. म्हणजे तिन्ही खणांचं असं भरलेलं कपाट पुन्हा तयार होणार नाही. साधारण १९२० ते १९९० या काळातलं जे उरलं असेल, तेवढंच आपल्या हाती आहे.

पैशाचं म्हणाल, तर तो बँकांनीच द्यावा. सहकार कायद्यात निव्वळ नफ्यातून धर्मादाय कामासाठी रक्कम बाजूला काढता येते. शताब्दी साजरी करणाऱ्या कितीतरी अर्बन बँकांनी आर्ट पेपरवर जाड स्मरणिका छापल्या. त्यांत आजी-माजी संचालकांचे रंगीत फोटो आहेत, जाहिराती आहेत, शुभेच्छा आहेत, आणि बँकेने पहिल्या पन्नास वर्षांत कुणाला कर्ज दिलं आणि कुणाला नाही, याबद्दल एक ओळ नाही. त्या छपाईच्या खर्चात एका जिल्ह्याचं दप्तर लावून झालं असतं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. सभासदांना तिथे विषय मांडण्याचा अधिकार आहे. ठराव लांबलचक नको: बँकेच्या माजी चेअरमन व संचालकांच्या कुटुंबीयांना लेखी विनंती करून त्यांच्याकडील सर्व कागद, निवड न करता, जिल्ह्याच्या विद्यापीठ ग्रंथालयाकडे ठरावीक मुदतीच्या अटीवर सोपवावेत. त्यासाठी लागणारी पेटी, वाहतूक आणि यादी करणाऱ्या माणसाचा पगार बँकेने द्यावा. स्वतःच्या कार्यालयात मुदत संपलेल्या ज्या नोंदवह्या आहेत, त्या नष्ट करण्यापूर्वी ग्रंथालयाला दाखवाव्यात. सूचक म्हणून कुणी वकील सभासद पुढे आला, तर फारच चांगलं.